पाचवी तार

रामप्रसादने बेस गिटारच्या पाचही तारा सैल करून काढल्या आणि वाटीतल्या खोबरेल तेलात फडकं बुडवलं. तारा एकेक करून बदलाव्यात, सगळ्या एकदम काढल्या तर दांडा वाकतो, असं बाळापूरच्या ऑर्केस्ट्रातला धर्मसिंग त्याला नेहमी बजावायचा. पण दांड्यावर घामाचा आणि शेतातल्या हळदीचा थर बसला होता, तो तारांखालून निघत नव्हता.

नव्या तारा नांदेडहून आल्या होत्या, गुळगुळीत, वरून चपटी तार गुंडाळलेल्या. खरबरीत तारेवरून बोट सरकलं की किर्र होतं, ते त्याला सहन होत नसे. बेस कसा, कानाला कळायच्या आधी अंगात शिरला पाहिजे. त्यासाठीच त्याने चार तारांची चांगली गिटार देऊन ही पाच तारांची आणली होती आणि तिच्यासाठी कमरेएवढा स्पीकर. लग्नाच्या गाण्यांत त्या पाचव्या जाड तारेला कोण विचारतो? पण हौसेला मोल नसतं म्हणून घरचेही गप्प बसले.

पहिल्यांदा ती तार या खोलीत वाजली तेव्हा सगळी गल्ली बाहेर पळाली होती. गावाखालची जमीन गेली कित्येक वर्षं अधूनमधून गुडगुडते. आवाज आला की लेकरं आणि शेरडं घेऊन मोकळ्यावर यायचं, हे इथे चालायला लागलेल्या पोरालाही ठाऊक. घरं दगडमातीची, आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून पत्र्यांवर ठेवलेले धोंडे वेगळेच. त्या दिवशी माणसं अर्धा तास मारुतीसमोर उभी राहिली, मग कळलं की हा रामप्रसाद. त्याला पोटभर शिव्या मिळाल्या.

पुढे सवय झाली. आता गुडगुड झाली की भिंतीपलीकडून कुणीतरी विचारायचं, "रामप्रसाद घरी हाय का?" हाय म्हटलं की माणसं कूस बदलून पुन्हा झोपायची. रामप्रसादला याचा मनातून अभिमान होता. एवढ्या वर्षांची गावाची भीती आपण एका तारेने घालवली, असं तो ऑर्केस्ट्रात सांगायचासुद्धा.

फडकं दांड्यावरून फिरत असताना खालून आवाज आला.

वाटीतलं तेल थरथरलं. रामप्रसादने आधी स्पीकरकडे पाहिलं. दिवा बंद होता. वायर भिंतीतून काढलेली, जमिनीवर पडली होती.

"रामप्रसाद, जरा हळू घे बाबा," भिंतीपलीकडून भागवत म्हणाला.

"घरी हाय ना तो?" आणखी पलीकडून एका बाईने विचारलं.

"हाय की. वाजवून राहिला."

रामप्रसाद कान देऊन बसला. एकाही दाराची कडी वाजली नाही. तो गिटार तशीच हातात घेऊन बाहेर धावला, "भायेर या, भायेर या" असं ओरडत. गल्लीत टळटळीत ऊन होतं. एका खिडकीतून कुणीतरी हसलं.

तेवढ्यात दुसऱ्यांदा आवाज झाला. या वेळी तो त्याच्या अनवाणी तळव्यांतून वर चढला. सूर त्याने लगेच ओळखला. तो पाचव्या तारेचाच होता, मोकळ्या सोडलेल्या, आणि बरोबर लागलेला.

समोर केशरबाई उंबऱ्यावर बसून तूर निवडत होती. तिची लेक मोहिनी बाळंतपणाला आली होती. बारा दिवसांचं लेकरू आतल्या खोलीत पाळण्यात होतं, आणि काम करता करता झोका देता यावा म्हणून केशरबाईने पाळण्याची दोरी लांब करून उंबऱ्यापर्यंत आणली होती. आतल्या खोलीच्या पत्र्यावर आठ-दहा धोंडे होते.

"मावशी, लेकराला भायेर आणा. मोहिनीला उठवा."

"काहून?" केशरबाई सुपातून मान वर न काढता म्हणाली. "तूच वाजवून राहिला, अन् तूच भेऊन राहिला व्हय?"

"म्या न्हाई वाजवलं."

"मंग काय माह्या म्हाताऱ्यानं वाजवलं?"

तिचा म्हातारा जाऊन सहा वर्षं झाली होती. आयुष्यात पहिल्यांदाच रामप्रसादला आपल्या स्पीकरची लाज वाटली. त्याने सूप बाजूला सारलं आणि गिटार तिच्या मांडीवर ठेवली.

केशरबाईने ती कधी जवळून पाहिली नव्हती. तिने दोन्ही हातांनी ती चाचपली, शेरडाच्या अंगावरची जखम शोधावी तशी. तेलकट लाकडावरून तिची बोटं खाली गेली आणि पुन्हा वर रिकाम्या खुंट्यांपाशी आली.

"तारा कुठं हायेत रे?"

"काढल्या, मावशी. तासभर झाला."

केशरबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडावरचं हसू अजून गेलं नव्हतं, नुसतं थांबलं होतं. बाजूच्या सुपात तुरीचे दाणे आपोआप एका कडेला गोळा होत होते.

आतून मोहिनीचा झोपाळलेला आवाज आला.

"आई, बास कर आता. दोरी नको वढू. झोपलंय ते."

केशरबाईचे दोन्ही हात गिटारीवर होते. दोरी तिच्या पायाशी सुटी पडली होती. दोरीचं टोक उंबऱ्यावरून वीतभर आत जात होतं आणि पुन्हा बाहेर येत होतं.