घरातली ऊब

परतूरच्या बाजारात भाव चढेपर्यंत घरात भरलेला कापूस विकायचा नव्हता. सासऱ्यांनी बजावलं होतं, "विस्तव आत आणायचा न्हाई. ठिणगी पडली तर कापूस आतल्या आत धुमसतो, कळत बी न्हाई." पण थंडीनं लेकीचे ओठ निळे पडले, तशी काल सगळे शेतात असताना साळूनं शेगडी आत आणली, लेकीला शेकलं, शेगडी परत अंगणात नेली. आज सकाळी लेक कापसाच्या ढिगावर गाढ झोपली होती. एवढ्या गारठ्यात वाकळ तिनं लाथाडली होती. साळूनं तिच्याखाली कोपरापर्यंत हात घातला. आत तव्यासारखं तापलं होतं. तिनं लेकीला उचलून छातीशी धरलं. तिची नजर दारातून अंगणातल्या शेगडीकडं गेली. "झोपू दे ना," सासू म्हणाली, "आज घर कसं गरम होऊन राह्यलं, बाई!" आणि ढिगाला पाठ टेकून निवांत बसली.