बतूलचा एक नंबर

“टँक एक नंबर. सर्कस दोन. बदकं एकदम शेवटी,” शेजारचा मिथुन व्हिडिओ गेमना नंबर देत म्हणाला.

“तुला नेम धरता येत नाय, म्हणून बदकं शेवटी,” मुझम्मिल म्हणाला. “सलीमा, तू सांग.”

रोह्याच्या घरात मुझम्मिलच्या भाभीच्या, बतूलच्या, मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण आटपलं होतं. पाहुणे कोलाडची गाडी पकडायला गेले होते. मुझम्मिल, त्याची बहीण सलीमा आणि मिथुन टीव्हीपुढे चटईवर बसले होते. टीव्ही बंद होता. व्हिडिओ गेमवर फडकं टाकलेलं होतं.

मुझम्मिल आणि सलीमाचा मोठा भाऊ इलियास दारात येऊन उभा राहिला. तो दुबईहून परवाच आला होता. बायको बतूल गेली तेव्हा कंपनीने सोडलं नाही. दफनालाही तो पोचला नव्हता.

“आज पण तुमचा गेमचा बाजार? भाभी गेली ना तुमची? लाज हाय का नाय?”

“तिच्यावरूनच निघालं, भाय,” सलीमा म्हणाली. “रोज भांडायची आमच्याशी. कुठला गेम एक नंबर, यावरून.”

“मग मला विचारा की. तिचा एक नंबर मोटारसायकल. ती गेमची कॅसेट मी दुबईहून पाठवलेली. फोनवर तिनेच सांगितलंय मला.”

मिथुनने मुझम्मिलकडे बघितलं.

“काय झालं?”

“काय नाय, भाय. बरोबर हाय. मोटारसायकलच एक नंबर,” मुझम्मिल म्हणाला.

इलियासने फडकं ओढून फेकलं. “मी लहान पोर हाय काय? मन राखतोस माझं? खरं सांग.”

सलीमाने खाली बघितलं. “मोटारसायकलने तिला गरगरायचं. एकदा लावली आणि मोरीत जाऊन ओकली. पण आम्हाला म्हणाली, त्याला सांगू नका. एवढ्या उन्हात राबून पाठवलाय त्याने.”

“मग कुठला?”

“टँक,” मिथुन म्हणाला. “पण भाभी लढायच्या नाय. गेममधल्या आपल्या घरापुढे टँक आडवा लावून उभ्या. आम्ही ओरडायचो, भाभी, पुढे या! तर म्हणायच्या, तुम्ही जा मरायला, मी हितंच बरी.”

त्याला हसू आलं. सलीमालाही आलं. मग दोघं थांबली.

इलियासच्या कपाळावरची शीर फुगली होती. “तुम्हाला ठाऊक. शेजाऱ्याला ठाऊक. आणि मी नवरा!” त्याने मोटारसायकलची कॅसेट उचलली आणि भिंतीवर आपटली. प्लास्टिकचा तुकडा उडून मिथुनच्या मांडीवर पडला.

मुझम्मिल उठला. “चल रे मिथुन. आपण बाहेर बसू.”

“कोण जातंय ते बघतो!” इलियासने दार धाडकन लावलं आणि दारालाच पाठ टेकून खाली बसला. “बस खाली. सगळे बसा. तिचा दोन नंबर सांगा.”

“सर्कस,” सलीमा म्हणाली.

“का?”

“त्यातला जोकर सिंहावरून आगीत पडला की हसायची.”

“मोठ्याने? कशी हसायची, सांग,” इलियासने विचारलं. त्याचा आवाज अजून चढलेलाच होता.