रांजणातलं पाणी

यंत्रात टक् असा आवाज झाला आणि पडद्यावरचा आकडा दोनशे बारावर गेला. ओट्यावर समोरच्या खुर्चीत सहादेव बसला होता. डास माणसाच्या श्वासाला येतात, म्हणून चाचणीला कोणीतरी बसावं लागे.

"आजोबा, अख्ख्या पुणतांब्यात तुमच्या ओट्याचा पहिला नंबर," निकिता म्हणाली. कॉलेजातून हे लेसरचं यंत्र तिनेच आणलं होतं. कॅमेऱ्याला डास दिसला की किरण त्याला उडता उडता जाळायचा. "बाकीच्या घरांत साठाच्या वर कुठं गेलं नाही."

"बरं हाय," सहादेव म्हणाला.

त्याची बायको भागिरथी, मुलगा सुनीलची आई, डेंग्यूने गेली, त्याला चोवीस दिवस झाले होते.

गावची आशाताई मनकर्णा आकड्याकडे बघत राहिली. मग बॅटरी घेऊन आत गेली. स्वयंपाकघरातल्या रांजणाचं झाकण एका बाजूने फुटलेलं होतं. तिने ते उचललं.

"आप्पा, हितं या."

तो आत गेला.

"अळ्याच अळ्या हायेत. हितं जन्मत्यात अन् बाहेर तुमच्या मशिनीत मरायला जात्यात. कधीचं पाणी हाय?"

"सुनीलच्या आईनं भरल्यालं. दवाखान्यात जायच्या दिवशी, सकाळी."

मनकर्णेने झाकण खाली ठेवलं.

"वतावं लागंल, आप्पा."

"न्हाई."

"शेजारच्या सायलीला सातवा चालू हाय."

सहादेवने मान डोलावली. दांडीवरचं भागिरथीचं जुनं लुगडं ओढलं, दुहेरी केलं आणि हंड्याच्या तोंडाला बांधलं. मग तांब्या तांब्याने रांजणातलं पाणी त्यावर ओतू लागला. लुगड्यावर काळी वळवळ साचली. ती त्याने अंगणातल्या फरशीवर झटकली. उन्हात ती लगेच थांबली.

रांजण त्याने काथ्याने घासला, विसळला आणि हंड्यातलं पाणी परत त्यात ओतलं. ते वीतभर कमी भरलं. त्याने आत वाकून पाहिलं. मग ओलं लुगडं रांजणावर धरून पिळलं. थेंब यायचा थांबला तरी तो पिळत होता.

बाहेर खुर्ची रिकामी होती. यंत्राचा आवाज येत नव्हता.

लुगडं रांजणाच्या तोंडावर ताणून त्याने सुतळीचे दोन वेढे दिले. गाठ बसेना.

"बोट ठेव," तो म्हणाला.

मनकर्णेने गाठीवर बोट ठेवलं.