चाळीस नंबरचं गिऱ्हाईक

"हे चाळीस नंबरवाल्याचं," काका म्हणाले आणि तळहाताएवढं हिरवं, रेल्वेच्या इंजिनाचं चालतं मॉडेल त्यांनी तिच्यापुढे ठेवलं. "तुझ्या बाबाचं शेवटचं काम."

बाबांना जाऊन महिना झाला होता. खोली रिकामी करायला ती पहिल्यांदाच आली होती. काका बाबांचे जुने दोस्त, इंजिनांना रंग द्यायचे. बाबा रबरी साच्यात इंजिनाची बॉडी ओतायचे आणि आत मोटर-गिअर बसवायचे. एका साच्यातून बाराच इंजिनं निघत, मग साच्याच्या कडा फाटत. बारा शौकिनांची बारा.

"चाळीस नंबर म्हणजे?"

"पोस्टातली पेटी. नाव नाही, गाव नाही. आणि तक्रारखोर किती! प्रत्येक इंजिन एकदा तरी परत. काय, तर उलटं चालवलं की घरघर येते. माणसाला कान आहेत की भोंगे? मला कधी काही ऐकू आलं नाही."

"बाबा चिडत असतील."

"चिडतोय कसला! पत्र आलं की दाढी करून कामाला बसायचा. त्या गिऱ्हाइकाच्या इंजिनाची बॉडी स्वतःच लावायचा, मला हात लावू द्यायचा नाही. आणि उत्तर एकच, 'दुरुस्त केलंय. बॉडी काढून आत बघा.' पण तो कसला बघतोय!"

ती साच्यांवरची धूळ पुसत राहिली.

"तू यायला हवं होतंस गं," काका हळूच म्हणाले. "आई गेल्यावर एक शब्द वाढला, तो सहा वर्षं धरून बसलात. आधी फोन कोणी करायचा, एवढ्यावरून! बाप तसा, लेकही तशीच."

"हो," ती म्हणाली. "हे इंजिन मी पोचतं करते."

काकांनी ते कापसात गुंडाळून दिलं.

घरी आल्यावर तिने दिवा लावला आणि शेल्फवर जागा केली. तिथे सात इंजिनं ओळीने उभी होती. आठवं तिने शेवटी ठेवलं. सवयीने कागद घेतला, 'उलटं चालवताना' एवढं लिहिलं आणि थांबली. निदान अनोळखी माणसाला तरी बाबा दोन ओळी लिहीत. आता लिहायचं कोणाला?

तिला गिअरमधलं काहीच कळत नव्हतं. आत कधी बघावंसंही वाटलं नव्हतं.

तिने आठवं इंजिन परत खाली घेतलं. चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरने तळाचे चार स्क्रू काढले. बॉडी अलगद वर आली. आतून, टपाच्या बाजूला, पांढऱ्या रंगात बाबांचं बारीक अक्षर होतं.

'यातही घरघर नाही, चिमे. आता तरी ये.'