घरचा पुरुष

समन्सचा कायदा बदलण्याच्या जरा आधीची गोष्ट. बांधाच्या भांडणात भूपेशला कोर्टाचं समन्स आलं, तेव्हा तो सुरतेला गेलेला. रनाळ्याच्या घरात होती शाळेत शिकवणारी त्याची बायको रंजिता, आणि स्वतःचं नावही विसरलेले सासरे, सुपडूबाबा.

"मन्हाकडे द्या, दादा. मी त्यास्ले फोनवर वाची सांगसू."

"नही वो ताई," हवालदार म्हणाला. "कायदामा लिखेल शे, घरना सज्ञान पुरुषलेच देनं पडस."

"मंग आमना बोकडले द्या! तो बी वयमा येयेल शे."

हवालदारानं बाबांचा अंगठा घेतला आणि समन्स त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाबांनी ते लाडानं बोकडाला चारलं.

"आते तारीख तरी सांगी जा, दादा!"

"मन्हं काम हुई गयं. घरना पुरुषले इचारा."

तारीख हुकायची ती हुकलीच. हवालदार वॉरंट घेऊन दारात आला, तेव्हा भूपेश आत भाकर मोडत होता.

"ताई, भूपेश घरमा शे का?"

रंजितानं पदर डोक्यावर घेतला. "मी बाईमाणूस, दादा. माले काय समजस? घरना पुरुषले इचारा."

सुपडूबाबांनी वॉरंटसाठी हात पुढे केला. बोकड उठून उभा राहिला.