दोघींपुरतं

डोहाळजेवणाच्या ताटात अकरा पदार्थ होते. अवंतीने एकेक घास बत्तीस वेळा चावून चारच खाल्ले होते. पाचव्याला जठराच्या तोंडाशी बसवलेली कडी मिटली असती आणि घास उलटून आला असता. वजन घटवायच्या ऑपरेशननंतरचे खाण्यापिण्याचे नियम आता माणसं पाळत नव्हती, कडी पाळायला लावत होती. तिची चावी घरातल्या कुणाच्यातरी फोनवर ठेवावी लागे. “माझा जिभेवर ताबा नाही, आईंकडेच असू द्या,” असं अवंतीनेच लिहून दिलं होतं.

आता सातवा महिना होता. बाळ वाढत नाही, कडी दोन जिवांपुरती उघडा, असं डॉक्टरांनी सांगून पंधरा दिवस झाले होते.

“आई, आज तरी उघडा ना,” ती हळूच म्हणाली. “पोटात नुसता खड्डा पडलाय.”

“उघडते गं. आधी वाटी तर उचल,” सासूबाई फोन हातात धरून म्हणाल्या.

समोर दोन झाकलेल्या वाट्या होत्या. एकीत पेढा, म्हणजे मुलगा. दुसरीत बर्फी, म्हणजे मुलगी. अवंतीने डावीकडचं झाकण उचललं. बर्फी निघाली.

“लक्ष्मी येणार हो,” शेजारच्या काकू म्हणाल्या.

सासूबाईही हसल्या. त्यांनी फोन पर्समध्ये टाकला आणि अवंतीसमोरचं ताट उचललं.

“दोघींना एवढं पुरे,” त्या म्हणाल्या. “आणि अर्धा तास पाणी मागू नकोस.”