सुनेच्या गळाला

"सोड ती काठी, तुझ्यानं नाय व्हायचं!" जन्मभर हर्णै बंदरावर मासळी विकत आलेली नागूबाय सुनेवर खेकसली. नॉर्वेच्या सहलीत, बर्फगार समुद्रात, भाड्याच्या बोटीवर, घाटावरच्या केतकीच्या गळाला माणसाएवढा मासा लागला होता. कोळ्याच्या घरात ही नाजूक पोर टिकायची नाही, हे नागूबायनं लग्नातच सांगितलं होतं.

नवरा मदतीला धावला, तर केतकीनं त्याला कोपरानं ढकललं. घामाघूम होत तिनं मासा बोटीला आणला. पोट अंड्यांनी तट्ट फुगलेलं.

"गाभोळी! तळूया," नागूबायच्या तोंडाला पाणी सुटलं.

"नाही, आई. पावसाळ्यात आपण मासेमारी थांबवून होड्या किनाऱ्यावर ओढतो, ते मासळीला अंडी घालता यावीत म्हणूनच ना?" केतकीनं अलगद गळ काढून मासा सोडला.

नागूबाय मुलाकडे वळली. "बघतोस काय, मेल्या? हात चोळ तिचे, गारठलेत. कोळीण हाय ती."